अट्टूच्या चित्रापुढे टाकलेली नाणी : फुजिता प्रकरण

१९४३ साली जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाकडच्या आओमोरी शहरात युद्धचित्रांचं एक फिरतं प्रदर्शन आलं होतं. त्यातल्या एका मोठ्या, मातकट काळ्या चित्रापाशी येऊन लोकांचे पाय थांबत. म्हातारी माणसं चित्रापुढे हात जोडून पुटपुटत आणि देवळात टाकावेत तसे पैसे टाकत. चित्रकार तिथे हजर होता. आपलं चित्र पाहून लोक असे वागतात हे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. आजवर काढलेल्या ढीगभर चित्रांत हेच आपलं सर्वांत मनासारखं उतरलेलं चित्र, असं त्याने लिहून ठेवलं. त्या काळी तरुण असलेल्या नोमियामा ग्योजी या चित्रकाराने आणखी एक आठवण सांगितली आहे. हा चित्रकार त्या चित्राच्या बाजूला ताठ उभा असे आणि कुणी पैसे टाकले की कमरेतून वाकून त्यांना अभिवादन करी.

सहा वर्षांनी, मार्च १९४९ मध्ये, तोच चित्रकार जपान सोडून निघाला. परत कधीही आला नाही.

त्याचं नाव फुजिता त्सुगुहारू. चित्राचं नाव 'अट्टू बेटावरचं ग्योकुसाई', म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत लढून पत्करलेलं मरण. युद्धाच्या काळात चित्रकाराने काय रंगवलं याचा हिशेब कुणी मागायचा आणि कसा मागायचा, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांत उभा राहिला. फुजिताच्या प्रकरणात तो एका माणसाच्या आणि एका कॅनव्हासच्या रूपाने समोर येतो, म्हणून ते नीट उलगडून पाहावंसं वाटतं.

पांढऱ्या रंगाचा माणूस

फुजिताचा जन्म २७ नोव्हेंबर १८८६ चा, टोकियोतला. वडील लष्करात डॉक्टर. पुढे ते लष्कराच्या वैद्यकीय खात्याचे प्रमुख झाले. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण गणवेशातली माणसं फुजिताला कधीच परकी नव्हती. टोकियोच्या सरकारी कलाशाळेत तो पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकला शिकला आणि १९१० साली बाहेर पडला. तिथे फ्रान्समध्ये शिकून आलेल्या कुरोदा सेइकीचा शब्द प्रमाण होता. सावल्या जांभळ्या रंगवायच्या, काळा रंग शक्यतो वापरायचा नाही, अशी ती शाळा. फुजिताने पदवीसाठी केलेलं आत्मचित्र कुरोदाने 'असं करू नये' याचा नमुना म्हणून इतर विद्यार्थ्यांपुढे धरलं, असं सांगतात.

१९१३ साली तो पॅरिसला गेला. तिथल्या मोंपार्नास या कलावंतांच्या वस्तीत मोदिग्लियानी आणि सुतीन हे चित्रकार त्याचे शेजारी आणि मित्र झाले. पिकासोच्या स्टुडिओत त्याने आंरी रूसो या कलाशाळेत न गेलेल्या चित्रकाराचं चित्र पाहिलं. शाळेत शिकवलेल्या नियमांपलीकडेही चित्र असू शकतं हे त्या दिवशी कळलं आणि घरी येऊन आपण रंगपेटी जमिनीवर आपटली, असं तो सांगे.

पुढच्या दहा वर्षांत त्याला जे गवसलं त्यावर त्याचं सगळं नाव उभं आहे, म्हणून इथे जरा थांबतो. स्त्रीदेहाची कांती दाखवायला युरोपातले चित्रकार गुलाबी, पिवळे, तपकिरी थर चढवत. फुजिताने कॅनव्हासच असा तयार केला की नुसता पृष्ठभागच कांतीसारखा दिसावा. हस्तिदंती पांढरा, मंद चकाकीचा. त्यावर तो शाईने केसाएवढी बारीक बाह्यरेषा काढी. चेहऱ्याचे अवयव रेखायला जपानी चित्रकार वापरतात तो बारीक कुंचला तो यासाठी वापरत असे. आता अडचण अशी की तेलरंगाच्या अस्तरावर पाण्यातली शाई बसत नाही. तेलकट ताटलीवर पाणी टाकलं की त्याचे थेंब होऊन पळतात, तसंच ते. फुजिताची रेघ मात्र खांद्यापासून टाचेपर्यंत न तुटता जाई. ही युक्ती त्याने हयातभर कुणाला सांगितली नाही. त्याच्या मृत्यूनंतर चित्रांची डागडुजी आणि तपासणी झाली तेव्हा गुपित उलगडलं. अस्तरात शिशाचा पांढरा रंग आणि खडूची पूड, आणि पृष्ठभागावर टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरं. लहान बाळाच्या पावडरीत असतं तेच. १९४२ मध्ये दोमोन केन या छायाचित्रकाराने फुजिताला काम करताना टिपलं होतं, त्या फोटोंत बाळाच्या पावडरीचा डबा दिसतो. इतकी वर्षं गुपित फोटोत उघड्यावर पडून होतं!

या पांढऱ्यावर पॅरिस फिदा झालं. १९२२ साली किकी या प्रसिद्ध मॉडेलवरून काढलेल्या आडव्या नग्नचित्राने खळबळ उडवली, १९२५ मध्ये फ्रेंच सरकारने लीजन ऑफ ऑनर हा मानाचा किताब दिला. कपाळावर सरळ कापलेले केस, गोल चष्मा, कानात बाळी आणि मांडीवर मांजर, असा त्याचा चेहरा घरोघरी ओळखीचा झाला. मायदेशात मात्र नाराजी होती. गोऱ्या लोकांपुढे सोंगं करून नाव कमावलं, अशी कुजबुज टोकियोत चाले. ती फुजिताच्या कानावर येत होती आणि त्याला ती लागत होती. पुढे जे घडलं त्यात या दुखऱ्या जागेचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे.

घरी परत

१९३१ पासून तो दक्षिण अमेरिकेतून भटकत मेक्सिकोपर्यंत गेला. तिथल्या सार्वजनिक इमारतींवरची प्रचंड भित्तिचित्रं त्याने पाहिली. दिवाणखान्यात टांगायच्या चित्रांपलीकडे, हजारो लोकांनी उभं राहून पाहावं असं चित्र काढायची ओढ तिथून लागली. १९३३ मध्ये तो जपानला परतला. १९३७ साली अकिता गावच्या हिरानो मासाकिची या धनिकासाठी त्याने गावच्या वर्षभराच्या सणावारांचं चित्र रंगवलं. उंची ३.६५ मीटर, लांबी २०.५ मीटर. ते आजही अकितात आहे. माझ्या मते तिथेच त्याचा हात मोठ्या गर्दीच्या चित्राला सरावला.

त्याच वर्षी चीनशी युद्ध पेटलं. १९३८ मध्ये नौदलाने त्याला चीनच्या आघाडीवर पाठवलं. १९३९ मध्ये तो पुन्हा पॅरिसला गेला खरा, पण जर्मन फौजा शहराजवळ आल्या तसा १९४० मध्ये परत आला. आल्यावर त्याने ते प्रसिद्ध केस उतरवून सैनिकासारखे बारीक केले. कोणत्या बाजूला उभं राहायचं हे ठरलं होतं.

लष्कराची योजना अशी होती की निवडक चित्रकारांना आघाडीवर न्यायचं आणि मोहिमांची भव्य चित्रं करून घ्यायची. ती प्रदर्शनांतून गावोगाव फिरत. पुढे कॅनव्हास आणि रंगही रेशनवर आले, तेव्हा लष्करासाठी रंगवणाऱ्यांच्या घरी साहित्य पोचत राहिलं. विरोध अगदीच नव्हता असंही नाही. मात्सुमोतो शुन्सुके या लहानपणीच बहिऱ्या झालेल्या तरुण चित्रकाराने १९४१ साली 'मिझुए' या कलामासिकात लेख लिहून लष्करी अधिकाऱ्यांच्या कलाविषयक हुकमांना उत्तर दिलं होतं. असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पण होते, हे फुजिताच्या बाजूने बोलताना विसरता येत नाही.

चित्र

अट्टू हे अलास्काच्या टोकाला असलेलं अल्युशियन साखळीतलं एक ओसाड, बर्फाळ बेट. जपानने ते घेतलं होतं. ११ मे १९४३ रोजी अमेरिकन सैन्य तिथे उतरलं. २९ मे रोजी कर्नल यामासाकी यासुयो याने उरलेल्या माणसांना घेऊन अखेरचा हल्ला चढवला. अडीच हजारांहून जास्त जपानी सैनिकांपैकी जिवंत हाती लागले ते तिसाहून कमी. सरकारने ही बातमी देताना 'ग्योकुसाई' हा शब्द वापरला. अर्थ, रत्नाचा चुरा होणं. अखंड कौल होऊन राहण्यापेक्षा फुटलेलं रत्न व्हावं, अशा जुन्या चिनी वचनातून तो आला आहे. एका पराभवाला आणि हजारोंच्या मरणाला त्या दिवशी दागिन्याचं नाव मिळालं.

फुजिता अट्टूला गेला नव्हता. त्याने टोकियोतल्या स्टुडिओत बसून, मनाने हे चित्र उभं केलं आणि ऑगस्टच्या अखेरीस पुरं केलं. ते त्याने लष्कराच्या ठरलेल्या कामात न धरता आपणहून काढलं आणि मग लष्कराला दिलं. १९३.५ सेंटिमीटर उंच, २५९.५ सेंटिमीटर रुंद. सप्टेंबरमध्ये ते टोकियोच्या उएनोतल्या प्रदर्शनात लागलं.

चित्रात वरच्या बाजूला बर्फाळ डोंगरांच्या सुळक्यांची ओळ आहे. बाकी सगळा कॅनव्हास माणसांनी गच्च भरलेला. कोण जपानी, कोण अमेरिकन, पटकन कळत नाही. हात, संगिनी, शिरस्त्राणं, उघडी तोंडं, खाली पडलेल्यांच्या अंगावरून पुढे सरकणारी माणसं, सगळं एकाच तपकिरी चिखलातून घडवल्यासारखं. मधोमध एका अधिकाऱ्याचं तोंड वासलेलं. विजय कुठेच नाही. झेंडा नाही. आकाश जवळपास नाही. आणि प्रेतांच्या मधून, अगदी खालच्या कडेला, काही नाजूक रानफुलं उगवलेली. ज्या माणसाने वीस वर्षं पांढऱ्या अस्तरावर एकेरी रेघ काढली, त्यानेच हे रंगवलंय यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही. मग ती फुलं दिसतात आणि हात ओळखू येतो.

लष्करालाही प्रश्न पडला होता की हे लोकांना दाखवावं की नाही. इतकं मरण पाहून धीर खचला तर? झालं ते वेगळंच. लोक रडले, त्यांनी हात जोडले, पैसे टाकले.

त्या वेळी ज्या घरातला मुलगा गेला त्या घराने अभिमान दाखवायचा, असा दंडक होता. आईने चारचौघांत गळा काढणं शोभत नसे. या चित्रापुढे रडायची सोय झाली. आओमोरीच्या म्हाताऱ्यांनी चित्रात सरकारचा विजय पाहिला असेल असं मला वाटत नाही. त्यांनी आपल्या पोरांची प्रेतं पाहिली. पण याच रडण्यातून पुढची पोरं पाठवायची तयारी होत होती, हेही तितकंच खरं. शोकाला पूजेचं रूप आलं की मरण प्रश्न विचारण्याजोगं राहत नाही. चित्राने दोन्ही कामं एकाच वेळी केली. दोन्ही चोख केली, कारण चित्रकार कसबी होता.

फुजिताच्या विरुद्ध सर्वांत जड पुरावा मात्र माझ्या दृष्टीने अट्टूचा नाही, सायपानचा आहे. १९४४ च्या जून-जुलैत प्रशांत महासागरातलं, जपानच्या ताब्यातलं सायपान बेट पडलं तेव्हा तिथल्या जपानी नागरिकांनी, बायकामुलांनी कड्यांवरून समुद्रात उड्या घेतल्या. फुजिताने तेही ३६२ सेंटिमीटर रुंदीच्या कॅनव्हासवर काढलं. एक बाई केस विंचरते आहे, एक बाळाला पाजते आहे, उजवीकडे कड्यावरून देह झेपावत आहेत. नावात या लोकांनी अखेरपर्यंत निष्ठा पाळल्याचा गौरव आहे. हे चित्र लोकांसमोर आलं एप्रिल १९४५ मध्ये. त्याच महिन्यात अमेरिकन फौजा जपानच्या ओकिनावा बेटावर उतरल्या आणि तिथेही सामान्य कुटुंबांना मरणाकडे ढकललं गेलं. सैनिकाने मरावं हे एक. केस विंचरणाऱ्या बाईच्या मरणाला इतकं देखणं करणं, तेही त्या महिन्यात, यावर मला पांघरूण घालता येत नाही.

आरोप

युद्ध संपलं तेव्हा फुजिता कानागावातल्या फुजिनो गावात राहत होता. दोनच महिन्यांत अमेरिकन लष्कराने युद्धचित्रं गोळा करायचं काम काढलं आणि त्यात त्याची मदत घेतली. इंग्रजी-फ्रेंच जग पाहिलेला, चित्रं कुठे आहेत हे ठाऊक असलेला माणूस त्यांना हवाच होता. १४ ऑक्टोबर १९४५ च्या 'असाही' दैनिकात डॉक्टर आणि चित्रकार मियाता शिगेओ याचं पत्र छापून आलं. कालपर्यंत लष्कराच्या पुढे पुढे करणारे आज विजेत्यांच्या दारात उभे आहेत, कलावंताला काही शील असतं की नाही, असा त्याचा रोख. फुजिताने त्याच पानांवर उत्तर दिलं. कलावंत मुळातच स्वातंत्र्यप्रेमी असतो, तो युद्धखोर असू शकत नाही, आणि चित्रकारांनी नागरिक म्हणून आपलं कर्तव्य तेवढं केलं, असा त्याचा बचाव होता.

हा बचाव लंगडा आहे. ज्याने आपला उजवा हात देशाला वाहिल्याची भाषा युद्धकाळात केली, त्याला नंतर 'कर्तव्य तेवढं केलं' म्हणून मागे सरता येत नाही. अट्टूचं चित्र तर कुणी सांगितलंही नव्हतं.

१९४६ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या 'निहोन बिजुत्सुकाई' या कलावंतांच्या संघटनेने, कलाक्षेत्रात युद्धाची जबाबदारी कुणाकुणावर येते याची यादी केली. फुजिताचं नाव त्यात अग्रभागी होतं. संघटनेकडून एक जण घरी आला आणि सर्वांच्या वतीने तुम्ही एकट्याने हे ओझं घ्या असं सुचवून गेला, असं फुजिताच्या घरून पुढे सांगितलं जाई. १९४७ साली जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकन प्रशासनाची यादी आली, तेव्हा तिच्यात एकाही चित्रकाराचं नाव नव्हतं. कायद्याच्या बाजूने प्रकरण मिटलं. माणसांच्या बाजूने मिटलं नाही.

इथे योकोयामा ताइकानची आठवण काढावीच लागते. १९०३ साली कोलकात्याला येऊन टागोरांच्या घरी राहिलेला, अवनींद्रनाथांशी स्नेह जोडलेला, जपानी परंपरेतला हा थोर चित्रकार. १९४० मध्ये त्याने समुद्राची दहा आणि पर्वताची दहा अशी वीस चित्रं विकून ५ लाख येन उभे केले आणि लष्कर-नौदलाला विमानांसाठी दिले. त्याच्या पैशांतून खरी विमानं उडाली. त्याच्या चित्रांत मात्र फुजी पर्वत, धुकं आणि लाटा. आज ती चित्रं कुठल्याही भिंतीवर लावा, पाहणारा प्रसन्न होतो. ताइकान सन्मानाने जपानमध्येच राहिला आणि १९५८ मध्ये वारला. फुजिताची चूक मोठी होती का? माझं उत्तर असं, की त्याची चूक दिसत होती. प्रेतं कॅनव्हासवर होती. पॅरिसहून आलेला, बाळी घालणारा, कुणाच्याच गटातला नसलेला माणूस समोर होता. ज्यांनी स्वतः युद्धचित्रं काढली त्यांनाही बोट दाखवायला तो सोयीचा होता. जबाबदारी त्याची होतीच. पण ती शंभर जणांची मिळून होती, आणि ती एकाच्या गळ्यात घातल्यावर बाकीच्यांचे हात धुऊन निघाले.

नंतर

जाताना फुजिताने सहकाऱ्यांना सांगितलं की चित्रकारांनी चित्रंच काढावीत, आपसात भांडू नये, आणि जपानी कलेने लवकर जगाच्या पातळीवर यावं. न्यूयॉर्कला काही महिने काढून १९५० च्या सुरुवातीला तो पत्नी किमियोसह पॅरिसला पोचला. १९५५ मध्ये दोघांनी फ्रेंच नागरिकत्व घेतलं. १९५९ मध्ये फ्रान्समधल्या रांस शहराच्या कॅथेड्रलमध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला आणि लिओनार्दो दा विंचीवरून लेओनार हे नाव धारण केलं. आपण जपानला सोडलं नाही, जपानने आपल्याला सोडलं, असं तो म्हणत राहिला.

१९६६ च्या उन्हाळ्यात, ऐंशीच्या उंबरठ्यावर, त्याने रांसमध्ये एक छोटं प्रार्थनाघर आतून रंगवलं. ओल्या गिलाव्यावर, म्हणजे गिलावा वाळायच्या आत त्या दिवसाचं काम संपवायचं, चूक झाली तर खरवडून पुन्हा. या वयात रोज उभं राहून. क्रुसावरच्या ख्रिस्ताभोवती जमलेल्या गर्दीत त्याने स्वतःचा चेहराही रंगवला आहे. प्रार्थनाघराचं नाव शांतीमाता. २९ जानेवारी १९६८ रोजी झुरिकमध्ये कर्करोगाने तो गेला. आता तो आणि किमियो रांसच्या त्या प्रार्थनाघरातच पुरलेले आहेत.

चित्रांचं काय झालं? अमेरिकनांनी जमवलेली १५३ युद्धचित्रं १९५१ मध्ये बोटीने अमेरिकेला गेली. १९७० मध्ये ती टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आली. त्यांत फुजिताची १४. १९७७ मध्ये ती मोठ्या संख्येने एकत्र दाखवायचं ठरलं आणि ऐन वेळी रद्द झालं. त्यानंतर एका वेळी दोन-चार, इतर चित्रांच्या सोबतीने, अशीच ती भिंतीवर येत राहिली. फुजिताची चौदाही चित्रं संग्रहालयाने एकत्र लावली ती २०१५ साली, युद्ध संपून सत्तर वर्षं झाल्यावर. अट्टूच्या चित्रापुढे आता कुणी पैसे टाकत नाही. लोक जवळ जातात, वाकून खालच्या कडेची फुलं शोधतात. चित्राची मालकी कागदोपत्री आजही अमेरिकेची आहे. शेजारच्या पाटीवर लिहिलेलं असतं, 'अनिश्चित मुदतीच्या उसनवारीवर'.